रक्ताच्या रिपोर्टचा तिसरा रकाना

पुण्याच्या लॅबमध्ये उपाशीपोटीची साखर १०८ आली आणि पुढच्या महिन्यात मुलाकडे लंडनला गेल्यावर तिथे ती ६ आली, तर साखर किती उतरली? जराही नाही. १०८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ६ मिलिमोल प्रति लिटर ही एकाच साखरेची दोन मापं आहेत. क्रिएटिनिनचं नेमकं उलटं होतं. इथे जे १ असतं ते तिथे ८८ दिसतं. साखरेच्या आकड्याने उगाच हायसं वाटतं, क्रिएटिनिनच्या आकड्याने पोटात गोळा येतो, आणि दोन्ही वेळा शरीरात काहीही बदललेलं नसतं.

रक्ताच्या रिपोर्टवर सहसा चार रकाने असतात. तपासणीचं नाव, आलेला आकडा, एकक आणि नॉर्मल रेंज. आपण पहिले दोन वाचतो, चौथ्यावर नजर टाकतो, काही ठळक छापलंय का ते बघतो. तिसरा रकाना सहसा कुणी वाचत नाही. फोनवर नातेवाइकांना सांगतानाही ‘शुगर एकशेचाळीस, क्रिएटिनिन एक पॉइंट दोन, थायरॉईड सहा’ एवढंच सांगतो. एकच गाव, एकच लॅब आणि एकच डॉक्टर असेपर्यंत हे चालून जात होतं. आता लॅब बदलतात, मुलं टोरांटोत किंवा सिडनीत असतात, इंटरनेटवरची मर्यादा ब्रिटनमधली असते आणि हातातला कागद नाशिकचा असतो. अशा वेळी तिसरा रकाना वाचता येणं ही प्रत्येक घराची गरज आहे.

आपल्याकडचं सगळ्यात रुळलेलं माप म्हणजे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, बोलण्यातलं ‘एमजी पर डीएल’. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, १०० मिलिलिटर. जुने डॉक्टर यालाच ‘मिलिग्रॅम पर्सेंट’ म्हणत आणि हिमोग्लोबिन आजही ‘ग्रॅम पर्सेंट’मध्ये सांगितलं जातं. हे पर्सेंट म्हणजे फक्त ‘शंभर मिलिलिटरमागे इतकं वजन’. हिमोग्लोबिन ९ ग्रॅम पर्सेंट आलं म्हणजे शरीरात नऊच टक्के रक्त उरलं, असा अर्थ घेऊन घाबरण्याचं कारण नाही. १०० मिलिलिटर रक्तात ९ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १२ आहे, त्यामुळे हा अ‍ॅनिमिया आहे आणि त्यावर उपचार हवेत, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या कायद्यातही हे माप आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशीच लिहिलेली आहे.

ही मापं किती निरनिराळ्या पातळ्यांवरची आहेत ते एकदा बघण्यासारखं आहे. साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे लिटरमागे १ ग्रॅम. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त धरलं, तर त्यातली सगळी साखर ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाच्या चमच्याएवढी. बी-१२ जीवनसत्त्व मात्र पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये मोजतात. ते ३०० आलं तर त्याचं प्रमाण साखरेच्या तेहतीस लाखांव्या भागाएवढं असतं. मिलि, मायक्रो, नॅनो, पिको ही उतरण प्रत्येक पायरीला हजारपट आहे. म्हणून एककातलं एक अक्षर चुकलं की चूक हजारपटीची होते. मायक्रोसाठी छापलं जाणारं ग्रीक अक्षर म्यू मोबाइलवर पुढे पाठवताना कधी यू होतं, कधी गळूनच जातं. रिपोर्ट टाइप करून पाठवण्याऐवजी त्याचा फोटो किंवा मूळ फाइल पाठवावी, असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठीच.

मग लंडनची लॅब ६ का म्हणते? तिथे वजन मोजत नाहीत, संख्या मोजतात. बाजारात बटाटा किलोवर आणि हापूस डझनावर घेतात, तसं हे आहे. मोल हा रसायनशास्त्रातला डझन आहे, फक्त प्रचंड मोठा. त्यात सहावर तेवीस शून्यं इतके रेणू येतात. ग्लुकोजच्या एका मोलचं वजन १८० ग्रॅम भरतं. त्यात डेसिलिटरचा लिटर करण्यासाठीचा १० चा हिशेब धरला की गुणक १८ येतो. मिलिग्रॅमच्या आकड्याला १८ ने भागलं की मिलिमोल मिळतात. १२६ चे ७, २०० चे ११.१, ७० चे ३.९. मधुमेहाच्या निदानाची उपाशीपोटीची मर्यादा इथे १२६ आणि तिथे ७ लिहिलेली असते. ती एकच मर्यादा आहे.

प्रत्येक पदार्थाच्या रेणूचं वजन वेगळं, म्हणून प्रत्येकाचा गुणक वेगळा, आणि एकाचा गुणक दुसऱ्याला लावणं ही घरोघरी होणारी चूक आहे. कोलेस्टेरॉलला ३८.६७ ने भागायचं, म्हणजे आपलं २०० तिकडे ५.२ होतं. त्याच पानावरच्या ट्रायग्लिसराइडला मात्र ८८.५ ने भागावं लागतं, आणि आपलं १५० तिकडे १.७ होतं. दोन्ही चरबीचेच पदार्थ म्हणून एकच गुणक लावला तर ट्रायग्लिसराइडचा आकडा दुपटीहून जास्त फुगतो. क्रिएटिनिन आणि बिलिरुबिन यांचं प्रमाण कमी असल्यामुळे तिकडे ती मायक्रोमोलमध्ये सांगतात. क्रिएटिनिनला ८८.४ ने आणि बिलिरुबिनला १७.१ ने गुणायचं. परदेशात नातू झाला, तिसऱ्या दिवशी त्याला कावीळ दिसली आणि फोनवर कळलं की बिलिरुबिन अडीचशे आहे. इथली आजी हे ऐकून हादरते, कारण तिच्या माहितीत बाळाचं बिलिरुबिन १२, १५ किंवा १८ असतं. २५० मायक्रोमोल म्हणजे १४.६ मिलिग्रॅम. त्यावर निळ्या दिव्याखाली ठेवायचं की नाही हे बाळाचं वय तासांत मोजून डॉक्टर ठरवतील, पण आजीला वाटली तशी ती अघटित गोष्ट नाही.

जगात ही फूट कशी पडली त्याचा इतिहास फार जुना नाही. मापनाची आंतरराष्ट्रीय पद्धत १९६० मध्ये ठरली, मोल तिच्यात १९७१ मध्ये आला, आणि १९७७ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने वैद्यकात ही पद्धत वापरण्याची शिफारस केली. ब्रिटनमधल्या रुग्णालयांनी त्याआधीच, १९७५ च्या सुमारास, बदल केला होता. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाही तिकडे गेले. अमेरिकेने प्रयत्न केला आणि सोडून दिला. तिथल्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या प्रतिष्ठित नियतकालिकाने नवी एककं स्वीकारली होती, पण १९९२ मध्ये ती पुन्हा जुन्या एककांकडे वळली. आपण १९५६ च्या कायद्याने शेर-मण सोडून किलो-लिटर घेतलं, तरी रक्ताच्या बाबतीत मिलिग्रॅम-डेसिलिटरवरच राहिलो. त्यामुळे पुण्याचा रिपोर्ट न्यू जर्सीत बहुतांशी जसाच्या तसा वाचला जातो आणि मँचेस्टरमध्ये रूपांतर करावं लागतं.

मोलच्या बाजूने बोलायला भक्कम कारणं आहेत. शरीरातल्या रासायनिक क्रिया रेणूला रेणू अशा होतात, वजनाला वजन अशा होत नाहीत. तरीही भारताने आता मोलकडे जावं असं मला वाटत नाही. साखर १२६, क्रिएटिनिन १.२, कॅल्शियम ८.५ हे आकडे इथल्या डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्या डोक्यात पक्के बसले आहेत, आणि घाईच्या वेळी डोक्यात बसलेला आकडाच जीव वाचवतो. संक्रमणाच्या काळात होणाऱ्या चुका परवडणाऱ्या नाहीत. दोन्ही मापं शेजारी शेजारी छापायला मात्र काहीच हरकत नाही.

रूपांतराची गरजच पडू नये अशी सोडियम आणि पोटॅशियमची गोष्ट आहे. यांच्या आयनावर एकच विद्युतभार असतो, म्हणून भार मोजणारं मिलिइक्विव्हॅलंट आणि संख्या मोजणारं मिलिमोल यांचे आकडे सारखेच येतात. पोटॅशियम ४ जगभर ४ असतं. कॅल्शियमवर दोन भार असल्यामुळे तिथे तसं होत नाही. १० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर आणि २.५ मिलिमोल प्रति लिटर हे तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात.

युरियाचा पेच निराळा आहे. तिथे एकक तेच राहतं आणि मोजलेली वस्तू बदलते. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब ‘ब्लड युरिया’ देतात, म्हणजे युरियाचं पूर्ण वजन. अमेरिकेत ‘बीयूएन’ देतात, म्हणजे त्या युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन. युरियाच्या ६० भागांत नायट्रोजन २८ भाग, म्हणून बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. दोन्हीखाली मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच छापलेलं असतं. इथल्या काही लॅबही बीयूएन देतात. गेल्या वेळचं ४० या वेळी अशा लॅबमध्ये १९ झालं, तर मूत्रपिंड सुधारलं असं समजण्याआधी पहिल्या रकान्यातलं नाव वाचावं लागतं.

‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून ओळखली जाणारी एचबीए१सी ही तपासणी खऱ्या अर्थाने टक्क्यांत असते. हिमोग्लोबिनच्या किती भागाला साखर चिकटली आहे ते ती सांगते. १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, साखर ताब्यात ठेवल्याने डोळे आणि मूत्रपिंडं वाचतात हे त्यात दिसलं, आणि तिथली मोजण्याची पद्धत टक्क्यांचा आधार बनली. पुढे प्रयोगशाळा-वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जास्त काटेकोर पद्धत आणली आणि तिच्यासाठी मिलिमोल प्रति मोल हे माप ठरवलं. ब्रिटनमध्ये २०११ पासून तेच वापरात आहे. इथे नुसता भागाकार चालत नाही. टक्क्यांना १०.९३ ने गुणून २३.५ वजा करायचे. ६.५ टक्के म्हणजे ४८, ७ टक्के म्हणजे ५३. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भावाने ‘माझं अठ्ठेचाळीस आलं’ असं सांगितलं तर ते मधुमेहाच्या उंबरठ्यावरचं आहे. याच पानावर अनेक लॅब ‘सरासरी साखर’ छापतात. तो मोजलेला आकडा नसून सूत्राने काढलेला असतो. ७ टक्क्यांना ती १५४ येते. हिमोग्लोबिनच फार कमी असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर हे सगळंच डळमळीत होतं, म्हणून त्या आकड्यावर एकट्याने विसंबू नये.

पेशींच्या मोजणीत आपल्या मातीतलं एक एकक आहे, ते म्हणजे लाख. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट हा शब्द घराघरात ऐकू येतो, आणि मापांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. एक लॅब लिहिते १.५ लाख प्रति घनमिलिमीटर. दुसरी लिहिते १,५०,०००. तिसरी लिहिते १५० आणि शेजारी ‘हजार प्रति मायक्रोलिटर’. चौथी लिहिते १५० गुणिले १० चा नववा घात प्रति लिटर. घनमिलिमीटर आणि मायक्रोलिटर एकच, त्यामुळे चारही आकडे एकच आहेत. मशीनमधून थेट छापून आलेल्या कागदावर स्वल्पविराम पाश्चात्त्य पद्धतीने तीन-तीन अंकांवर पडलेला असतो आणि आपली नजर लाखाचा स्वल्पविराम शोधत राहते. सकाळी एका लॅबमधून ०.४५ लाख आणि संध्याकाळी दुसरीकडून ४८ असं आल्यावर, घाबरलेल्या माणसाला ते पंचेचाळीस हजार आणि अठ्ठेचाळीस हजार आहेत, म्हणजे पेशी जवळपास स्थिर आहेत, हे उमगत नाही. तो रक्तपेढीकडे धावतो. डेंग्यूच्या दिवसांत शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी आणि आकडा ‘हजारात’ विचारून लिहून ठेवावा.

पांढऱ्या पेशींचंही असंच. ११,२०० आणि ११.२ एकच. तांबड्या पेशी ४५ लाख किंवा ४.५ दशलक्ष. हिमोग्लोबिन ब्रिटनमध्ये २०१३ पासून लिटरमागे सांगतात, म्हणून इथलं १३ तिथे १३० होतं. दहापटीचा असाच फरक शरीरातली सूज दाखवणाऱ्या सीआरपीतही आहे, मिलिग्रॅम प्रति लिटर आणि मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या दोन मापांत, आणि हे दुसरं माप आपल्याकडच्या काही लॅबही देतात. हृदयविकारात बघतात त्या ट्रोपोनिनचं जुनं माप नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं. नव्या जास्त संवेदनशील चाचण्या नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये येतात. ०.०४ आणि ४० ही एकच पातळी आहे, आणि ही तपासणी होते तेव्हा कुणाकडेच फार वेळ नसतो.

आता अशा तपासण्या, ज्यांना वजनही लागू होत नाही आणि मोलही. यकृताच्या एसजीपीटीसारखी एन्झाइम्स किती आहेत हे न मोजता ती किती काम करतात ते मोजतात. एका मिनिटात एक मायक्रोमोल पदार्थ बदलणारं एन्झाइम म्हणजे एक युनिट. हे काम तापमानावर आणि वापरलेल्या रसायनावर अवलंबून असतं, त्यामुळे दोन लॅबचे युनिट सारखे दिसले तरी पद्धत वेगळी असू शकते. १९९९ मध्ये यासाठी कॅटल हे आंतरराष्ट्रीय एककही ठरलं. स्वीडनमध्ये ते वापरतात, आपल्याकडे क्वचितच दिसतं. आजोबांच्या जुन्या फायलीत अल्कलाइन फॉस्फेटेज ‘किंग-आर्मस्ट्राँग युनिट’मध्ये लिहिलेलं सापडलं तर आजच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करू नये. ते एक युनिट आजच्या साधारण सात युनिटांएवढं असतं.

टीएसएचसारखी संप्रेरकं आणि काही जीवनसत्त्वं ‘आंतरराष्ट्रीय युनिट’मध्ये येतात. हे युनिट प्रत्येक पदार्थासाठी निरनिराळं ठरवलेलं असतं, एका प्रमाण नमुन्याच्या परिणामावरून. ड जीवनसत्त्वाची ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, अ जीवनसत्त्वाचं मात्र एकच युनिट ०.३ मायक्रोग्रॅमचं. म्हणून आठवड्याला घ्यायची ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी ऐकायला प्रचंड वाटते आणि वजनाला दीड मिलिग्रॅम भरते. टीएसएचच्या बाबतीत एक दिलासा आहे. मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर आणि मिलियुनिट प्रति लिटर यांचे आकडे अगदी सारखेच. युनिटचा विषय निघालाच आहे तर तपासणीबाहेरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या मिलिलिटरमागे ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही, आणि सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात २५ युनिट जातात. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरायला तेवढं पुरे.

बी-१२ बद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्यात महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यांतल्या जवळपास दोन-तृतीयांश स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळलं. हा अभ्यास जगभर उद्धृत झाला आणि शाकाहारी घरांतल्या बी-१२ च्या कमतरतेकडे लक्ष वेधलं गेलं. त्या संशोधनातली कमतरतेची रेषा १५० आहे, पण ती पिकोमोल प्रति लिटरची. आपल्या लॅबचा कागद असतो पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये, आणि त्या मापात ही रेषा २०० च्या थोडी वर जाते. कुणी बाई हा शोधनिबंध किंवा त्यावरची बातमी वाचते, आपल्या कागदावरचा १८० हा आकडा बघते आणि आपण दीडशेच्या वर आहोत म्हणून निश्चिंत होते. खरं तर तिचं बी-१२ त्या मापाने १३३ आहे, म्हणजे कमी. ड जीवनसत्त्वाचंही असंच. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला अडीचने गुणलं की नॅनोमोल प्रति लिटर मिळतात. इथलं ४५ चांगलं, कॅनडातलं ४५ कमी.

इथवरचं सगळं गुणाकार-भागाकाराने सुटतं. काही तपासण्यांत तेही शक्य नसतं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. हृदयविकाराचा आनुवंशिक धोका सांगणारी लायपोप्रोटीन-ए ही तपासणी अलीकडे बरीच सांगितली जाते. तिचा कण प्रत्येक माणसात वेगवेगळ्या आकाराचा असतो. पेटीतले आंबे लहानमोठे असतील तर वजनावरून डझन सांगता येत नाहीत. म्हणून मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधला आकडा नॅनोमोलमध्ये बदलण्याचा अचूक गुणक अस्तित्वातच नाही. ५० मिलिग्रॅम किंवा १२५ नॅनोमोलच्या वर जास्त धोका, अशा दोन रेषा स्वतंत्रपणे वापरल्या जातात. यात दोन वर्षांच्या दोन रिपोर्टची तुलना करायची तर माप आणि पद्धत एकच हवी.

डी-डायमर २०२० आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात घराघरात पोहोचलं. रक्तात गुठळी विरघळताना सुटणारे तुकडे ते मोजतं. त्याची एककं मिलिग्रॅम प्रति लिटर, मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. पहिल्या दोन्हींचा आकडा एकच असतो, तिसऱ्याचा हजारपट. त्यावर आणखी एक थर आहे. काही किट फक्त डी-डायमरचं वजन सांगतात, काही ते ज्या फायब्रिनोजेनपासून झालं त्याचं वजन सांगतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. रिपोर्टवर हा फरक डीडीयू आणि एफईयू या तीन अक्षरांत असतो, कधी ती अक्षरंही नसतात. त्यामुळे ०.५, ५०० आणि २५० हे तिन्ही आकडे एकाच मर्यादेवरचे असू शकतात. त्या दिवसांत लोक व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर नुसते आकडे टाकून ‘जास्त आहे का?’ असं विचारत होते. नुसत्या आकड्यावरून याचं उत्तर देता येत नव्हतं, आणि आजही येत नाही.

ज्यांना एककच नसतं अशाही तपासण्या आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना आयएनआर माहीत असतो. रक्त गोठायला लागणारे सेकंद लॅबच्या रसायनाप्रमाणे बदलत, म्हणून १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे गुणोत्तर आणलं, आणि सांगलीतला २.५ आणि शिकागोतला २.५ एकाच अर्थाचे झाले. ईएसआरला एकक असतं, तासाला मिलिमीटर, पण ते वजनाचंही नाही आणि मोलचंही नाही. उभ्या नळीत तांबड्या पेशी किती खाली बसल्या ती नुसती लांबी असते.

चौथ्या रकान्याबद्दलही दोन शब्द. बऱ्याच तपासण्यांची नॉर्मल रेंज निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरते. म्हणजे धडधाकट माणसांतले ५ टक्केही तिच्या बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर निरोगी माणसाचीही एखादी रेंजबाहेर येण्याची शक्यता १०० मध्ये ६४ असते. सवलतीच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये तर याहून कितीतरी जास्त तपासण्या असतात, त्यामुळे एखादा ठळक आकडा दिसणं जवळजवळ ठरलेलंच. साखर आणि कोलेस्टेरॉल यांची रेषा मात्र अशी काढत नाहीत. ती आजाराचा धोका कुठे वाढतो त्यावरून ठरवली जाते, म्हणून तिथे ‘अनेकांचं एवढंच असतं’ हे समाधान चालत नाही. आणि रेंज नेहमी त्याच कागदावरची बघायची. ती त्या लॅबच्या पद्धतीची आणि त्याच एककातली असते.

घरच्या ग्लुकोमीटरमध्येही हा धोका आहे. काही यंत्रांत एकक बदलण्याची सोय असते. २००५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला होता की काही यंत्रांतलं एकक नकळत बदलू शकतं. पडद्यावरचं १३.९ कुणी १३९ समजलं तर प्रत्यक्षातली साखर २५० असते. परदेशातून भेट आलेलं यंत्र आईवडिलांच्या हातात देण्याआधी पडद्यावर कोणतं एकक उमटतं ते बघून द्यावं.

हे सगळं रुग्णावरच सोडून देणं बरोबर नाही. प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १५१८९ या मानकात, ज्याच्या आधारे आपल्याकडे एनएबीएल मान्यता देते, रिपोर्टवर एकक आणि संदर्भ-मर्यादा असणं अपेक्षितच आहे. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. एचबीए१सी, क्रिएटिनिन, साखर, ड आणि बी-१२ यांचे आकडे दोन्ही मापांत छापावेत, प्लेटलेटचा आकडा पूर्ण अंकांत लिहावा, आणि डी-डायमरखाली कोणतं युनिट आहे ते स्पष्ट लिहावं. याला शाईशिवाय काही खर्च नाही. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट एका खात्यात येऊ लागले आहेत. त्या खात्यात आकड्याबरोबर एककही ठरलेल्या संकेतात साठवलं गेलं नाही, तर मिलिग्रॅमचे आणि मिलिमोलचे आकडे एकाच आलेखावर चढतील आणि आलेख दिसायला मात्र व्यवस्थित दिसेल. आज कागदावर होणारी चूक उद्या संगणक लाखो जणांच्या बाबतीत एकदम करेल.

तोवर वाचकांना एक विनंती. घरच्या वहीत नुसता आकडा लिहू नका. तारीख, लॅबचं नाव, तपासणीचं पूर्ण नाव, आकडा, एकक आणि त्या कागदावरची रेंज असं सगळं एका ओळीत लिहा. आकडा अचानक फार बदललेला दिसला तर आधी दोन्ही रिपोर्टचं एकक आणि तपासणीचं नाव ताडून बघा, मग डॉक्टरांना विचारा, आणि तोपर्यंत गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करू नका. परदेशातल्या डॉक्टरांना दाखवायला जाताना मूळ रिपोर्ट सोबत न्या. घरी बसून रूपांतर केलेली यादी नेऊ नका.